पेट्रोलचा वास येतोय? आधी झाकण बघा, मग काळा डबा

उन्हाळ्याचं पान म्हटलं की दरवर्षी एसी, रेडिएटर आणि टायर. यंदा मात्र पत्रं आली ती जुन्या कार्ब्युरेटरवाल्या (म्हणजे पेट्रोल-हवा मिसळून इंजिनला देणारा भाग असलेल्या) गाड्यांची, आणि बहुतेकांत तक्रार एकच, पेट्रोलचा वास आणि पेट्रोलची वाफ. म्हणून हे सगळं पान वाफेलाच देऊन टाकलंय, बाकीच्यांनी पुढच्या अंकापर्यंत थांबावं.

माझ्याकडं १९९८ ची मारुती ८०० आहे, वडिलांनी नवी घेतलेली. दुपारी उन्हात लावली की गाडीत असा वास की लेकरं बसायला तयार नाहीत. मेकॅनिकनं बॉनेटखालचा काळा प्लास्टिकचा डबा काढून टाकला, म्हणला ह्याचं काही काम नसतंय, नुसतं पोल्युशनसाठी लावतेत, आणि पाइपांच्या तोंडात बोल्ट ठोकून दिले. तवापासून वास कमी व्हायचा सोडून वाढूच लालाय. पेट्रोलचं झाकण उघडलं की फुस्सकन हवा बाहेर येते. काय करावं?
– एक वाचक, परभणी

दादा, आधी ते बोल्ट काढायचे बघा, बाकीचं नंतर.

तो काळा डबा म्हणजे चारकोल कॅनिस्टर, त्याच्यात ॲक्टिव्हेटेड कोळशाचे दाणे असतात. तुमच्या परभणीत मे महिन्यात पारा ४२-४३ वर जातो, गाडीचा पत्रा तर त्याच्याही पुढं, अन टाकीतलं पेट्रोल तापलं की त्याची वाफ होणारच, ती कुणी थांबवू शकत नाही. ती वाफ टाकीवरच्या बारीक पाइपातून डब्यात येते, कोळसा तिला धरून ठेवतो, आणि मग गाडी चालू होऊन इंजिन गरम झालं की इंजिनचा व्हॅक्यूम, म्हणजे हवेची ओढ, डब्याच्या खालच्या तोंडातून ताजी हवा ओढतो, त्या हवेबरोबर कोळशातलं पेट्रोल सुटून इनटेकमधे, म्हणजे इंजिनच्या हवा घ्यायच्या वाटेत, जातं आणि जळतं. म्हणजे डबा रात्री-दुपारी भरतो आणि रस्त्यावर रिकामा होतो, त्याच्यात मोटर नाही की काही नाही. पोल्युशनसाठी असतो हे मेकॅनिकचं म्हणणं खरंच आहे, पण ते "पोल्युशन" म्हणजे तुमच्याच पैशाचं पेट्रोल आहे आणि ते तुमच्याच लेकरांच्या नाकात चाललंय.

आता टाकीकडून येणाऱ्या पाइपात बोल्ट ठोकला म्हणजे शिट्टी दाबून धरलेला कुकर झाला. वाफेला जायला जागा नाही, मग ती झाकणाच्या रबरातून, फिलर नेकच्या, म्हणजे झाकणापासून टाकीपर्यंतच्या, रबरी पाइपातून, जिथं फट सापडेल तिथून निघते. आणि दुसरं म्हणजे टाकीतलं हे प्रेशर पेट्रोललाही पुढं ढकलतं, कार्ब्युरेटरमधे पेट्रोल अडवणाऱ्या नीडल व्हॉल्व्हला ते झेपलं नाही की कार्ब्युरेटर ओव्हरफ्लो होतो आणि गरम इंजिनावर पेट्रोल सांडतं. हे वासापेक्षा लई वाईट.

डबा फेकला नसेल तर तोच परत आणा. फेकला असेल तर त्याच मॉडेलचा बघा, जुन्या बाजारातून घेणार असाल तर हलवून बघा, आत पाण्यासारखं डचमळलं किंवा दाणे खुळखुळले तर घेऊ नका. डब्याला किमान तीन वाटा असतात, एक टाकीकडून येणारी, एक इंजिनकडं जाणारी, एक खाली हवेला उघडी, आणि काही गाड्यांत कार्ब्युरेटरच्या फ्लोट चेंबरकडून (पेट्रोल साठतं त्या वाटीकडून) चौथी. कोणती कुठली ते डब्यावर लिहिलेलं किंवा बाण काढलेला असतो, अंदाजानं लावू नका, कारण उलट लावली तरी गाडी चालू होते आणि मग सहा महिने कळत नाही. खालचं उघडं तोंड धुळीनं बुजलेलं असेल तर साफ करा, पण बंद करू नका, तिथूनच हवा येते. डबा मिळेपर्यंत गाडी सावलीत लावा, आणि टाकीकडचा पाइप उघडा राहणार असेल तर त्याचं तोंड गरम एक्झॉस्ट आणि ठिणगीचे भाग म्हणजे कॉइल, डिस्ट्रिब्युटर यांच्यापासून लांब, खाली वळवून ठेवा. हा जुगाड दोन-चार दिवसांचा आहे, कायमचा नाही.

पण डबा काढायच्या आधीही वास येत होताच की, तर मूळ कारण अजून शोधायचंय. ते शोधायला वास कधी येतो हे लिहून ठेवा, त्यावरून अर्धं काम होतं. पेट्रोल भरल्या भरल्या वास येत असेल तर फिलर नेकचा जाड रबरी पाइप आणि त्याच्या शेजारचा बारीक ब्रीदर पाइप बघा, वीस-पंचवीस वर्षांत हे रबर चिरतंच, आणि चीर बऱ्याचदा क्लिपच्या खाली लपलेली असते, त्यामुळं क्लिप सरकवून पाइप बोटानं वाकवून बघितल्याशिवाय "पाइप चांगलाय" म्हणू नका. गाडी पळवून आणून उभी केली आणि पंधरा-वीस मिनिटांनी पुढून वास आला तर कार्ब्युरेटर, नाहीतर डबा आणि त्याचे पाइप. पळताना मागच्या काचा उघड्या असल्यावरच येत असेल तर मागं टाकीच्या वरच्या बाजूला काहीतरी सुटलंय. आणि सारखाच येत असेल, सकाळी थंड गाडीतसुद्धा, तर ती वाफ नाही, पेट्रोलच गळतंय, खाली वाकून बघा.

डबा बसवल्यावर तो रिकामा होतोय का तेही बघून घ्या. गाडी चालू करून, इंजिन थंड असतानाच इंजिनकडचा पाइप डब्यापासून सोडून त्याला बोट लावा, ओढ लागायला नको. गाडी चांगली गरम झाली, पंखा एकदा फिरून गेला, की थोडा ॲक्सिलरेटर देऊन परत बोट लावा, आता ओढ लागली पाहिजे. गरम होऊनही ओढ नसेल तर मधला तापमानावर उघडणारा व्हॅक्यूम स्विच अडकलाय नाहीतर पाइप बुजलाय, मग डबा नुसता भरत राहणार, रिकामा होणार नाही. थंडीतच ओढ असेल तर स्विच उघडाच अडकलाय, आणि सकाळी गाडी घुरघुरते ती त्याच्यानं. तोंडानं ओढून बघायची सवय बऱ्याच जणांना आहे, तसं करू नका, पेट्रोलची वाफ छातीत जायला एक सेकंद लागतो. हातानं चालवायचा व्हॅक्यूम पंप मिळतो, तो घ्या.

प्रीमियर पद्मिनी, १९८६. जालन्याहून संभाजीनगरला निघालो की बदनापूरच्या पुढं गाडी गचके खाते अन बंद पडते. दहा मिनिटं थांबलं की परत चालू. पेट्रोल पंप बदलला, फिल्टर बदलला, कार्ब्युरेटरचं सर्व्हिसिंग झालं. पेट्रोल चोरीला जाऊ नये म्हणून चावीचं नवं झाकण बसवलं एवढाच काय तो बदल. कामून होत असेल?
– एक वाचक, जालना

भाऊ, उत्तर तुम्हीच लिहून पाठवलंय. पद्मिनीसारख्या जुन्या गाडीला डबाबिबा काही नव्हता, टाकीत हवा जायची सोय झाकणाच्या बारीक भोकातून किंवा छोट्या व्हेंटमधून (हवेच्या वाटेतून) असायची. बाजारातलं चावीचं झाकण बऱ्याचदा पूर्ण बंद असतं. पेट्रोल कमी होत जातं, तेवढी हवा आत यायला पाहिजे, ती येत नाही, टाकीत व्हॅक्यूम तयार होतो आणि पंप बिचारा ओढून ओढून थकतो. दहा मिनिटं थांबलं की कुठून तरी थोडी हवा शिरते अन गाडी चालू. असंच चालवत राहिलात तर टाकीचा पत्रा आत बसलेल्याही टाक्या निघतात.

पुढच्या वेळी बंद पडली की बॉनेट उघडायच्या आधी झाकण उघडा. हवा आत ओढल्याचा आवाज आला तर झाकणच. आवाज काहीच नाही आला आणि मेकॅनिकल पंप हात लावता येणार नाही इतका तापलेला असेल तर तो व्हेपर लॉक, म्हणजे पाइपातच पेट्रोलची वाफ झाली आणि पंपाला वाफ ढकलता येईना. त्याला आपल्याकडचा ओल्या फडक्याचा इलाज आहेच, पंपावर ओलं फडकं गुंडाळायचं अन पाच-दहा मिनिटं सावलीत बसायचं, पण डिस्ट्रिब्युटरवर पाणी जाऊ देऊ नका. आणि नंतर लाइन एक्झॉस्टच्या जवळून जातेय का तेही बघा. दोन्हीची लक्षणं सारखी असल्यामुळं लोक पंप बदलत बसतात.

चावीचंच झाकण पाहिजे असेल तर व्हेंटवालं मागून घ्या, दुकानातच फुंकून बघा.

पीयूसी दरवेळी पास होतं, तरी गाडीला पेट्रोलचा वास आहे. पीयूसी खोटं आहे का?
– एक वाचक, हिंगोली

खोटं नाही, त्याचं कामच वेगळं. पीयूसीवाला सायलेन्सरमधे नळी घालतो आणि आयडलला, म्हणजे गाडी जागेवर चालू ठेवून, सीओ (कार्बन मोनॉक्साइड) आणि एचसी (हायड्रोकार्बन) मोजतो, बीएस-२ (भारत स्टेज-२) नियमाच्या आधीच्या पेट्रोल चारचाकीला मर्यादा सीओ ३ टक्के आणि एचसी १५०० पीपीएम. टाकीतून काय उडतंय ते तिथं मोजलंच जात नाही. ते मोजतात कंपनी गाडी मंजूर करून घेते तेव्हा, अख्खी गाडी बंद खोलीत ठेवून खोलीतल्या हवेत किती पेट्रोल आलं ते बघतात. आपल्याकडं हा नियम १९९६ पासून आला, एका टेस्टला २ ग्रॅम. अमेरिकेत कॅलिफोर्नियानं १९७० ला आणि बाकी देशानं १९७१ च्या मॉडेलपासून वाफ धरायला लावली होती, त्यामुळं तिकडच्या जुन्या गाड्यांत डबा सापडतो अन आपल्याकडच्या त्याच वयाच्या गाड्यांत नाही.

झेन, कार्ब्युरेटरवाली. टाकी फुल्ल करायची सवय आहे, पंपाचं नोझल आपोआप कट झाल्यावरही गाडी हलवून हलवून भरतो. आता गरम गाडी लवकर चालू होत नाही, सेल्फ मारत बसावं लागतंय, आणि परवा डब्याचा पाइप काढला तर त्यातून काळे दाणे पडले. नवा डबा मिळत नाही. जुना फोडून त्यात कोळसा भरता येईल का? आमच्या शेतावर बाभळीचा कोळसा चांगला निघतो.
– एक वाचक, औसा, जि. लातूर

बाभळीचा कोळसा हुरड्याला ठेवा.

ॲक्टिव्हेटेड कोळसा वेगळा, त्याला जास्त तापमानाला वाफ किंवा रसायन देऊन आतून लाखो बारीक छिद्रं पाडलेली असतात, पेट्रोल त्या छिद्रांत धरलं जातं. भट्टीच्या कोळशात ते होत नाही, आणि त्याचा भुगा पाइपातून सरळ कार्ब्युरेटरच्या जेटमधे जाईल. पाण्याच्या फिल्टरमधला कोळसा भरणारेही आहेत, त्याचीही पूड उडते आणि दाणा बारीक असल्यानं हवाच नीट जात नाही. गाडीच्या डब्यासाठी गोळीच्या आकाराचा खास ग्रेड असतो. जुन्या गाड्या रिस्टोअर करणारे काहीजण डबा कापून नीट माल भरून, दोन्ही बाजूला फोमची जाळी बसवून परत चिकटवतात, आणि काम नीट केलं तर चालतंही, पण चिकटवलेला सांधा पेट्रोलला टिकणारा पाहिजे. मी असतो तर त्याच्याऐवजी दुसऱ्या कार्ब्युरेटरवाल्या गाडीचा चांगला डबा, पाइपांची मापं जुळवून, बसवला असता.

दाणे बाहेर आलेत म्हणजे आतली जाळी फुटलीय, हा डबा गेलाच, त्यावर आता खर्च नको. पण तो गेला कशानं ते तुमच्याच पत्रात आहे. नोझल कट झाल्यावर वरती जी मोकळी जागा राहते ती वाफेची आणि पेट्रोल फुगण्याची जागा आहे. ती भरली की वाफेच्या पाइपात पातळ पेट्रोल शिरतं आणि डब्यात जातं. कोळसा वाफेसाठी आहे, पातळ पेट्रोलानं तो चिंब होऊन बसतो, मग इंजिन गरम झाल्यावर तेच पेट्रोल भसाभसा इनटेकमधे येतं, मिक्श्चर रिच होतं, म्हणजे हवेच्या मानानं पेट्रोल जास्त होतं, आणि गरम गाडी चालू व्हायला त्रास देते. नवा डबा बसवायच्या आधी इंजिनकडचा पाइप, व्हॅक्यूम स्विच आणि कार्ब्युरेटरचं ते तोंड सगळं साफ करून घ्या, नाहीतर जुने दाणे नव्या डब्याच्या नावावर खपतील. आणि नोझल कट झाला की हात वर.

डबा साबूत असेल, नुसता शंका म्हणून तपासायचा असेल, तर जपानी कंपन्यांच्या मॅन्युअलांत पद्धत अशी की टाकीकडच्या तोंडातून हलकी हवा सोडली तर ती बाकीच्या तोंडांतून अडथळ्याशिवाय बाहेर आली पाहिजे आणि सोबत कोळसा यायला नको. पाण्यानं धुवायचा नाही, हे मॅन्युअलांत ठळक लिहिलेलं असतं आणि तरी धुतलेले डबे बघायला मिळतात.

१९७१ ची फियाट ११०० आहे. व्हिंटेज नोंदणी करायचीय. त्याला चारकोल डबा बसवावा लागेल का?
– एक वाचक, छत्रपती संभाजीनगर

नाही. गाडी बनली तेव्हा जो नियम नव्हता तो आता मागं जाऊन लागत नाही. केंद्र सरकारच्या २०२१ च्या नियमात पहिल्या नोंदणीपासून ५० वर्षं झालेली आणि मूळ रूपात ठेवलेली गाडी व्हिंटेज धरतात, नंबरात व्हीए अक्षरं येतात, नव्या नोंदणीची फी २० हजार. चासी, बॉडी, इंजिनात मोठे बदल केलेले त्यांना चालत नाहीत, तर जे नव्हतं ते लावायच्या भानगडीत पडू नका. मूळ झाकण सांभाळा, त्याचं रबर नवं बसवा, तेवढं बास.

ई-२० (२० टक्के इथेनॉल मिसळलेलं) पेट्रोल आल्यापासून पाइप लवकर खराब होऊ लालेत असं ऐकलं. वाफेच्या पाइपालाही फरक पडतो का? इथं दुकानदार पारदर्शक प्लास्टिकचा पाइप देतो.
– एक वाचक, नांदेड

पडतो. इथेनॉल जुन्या काळच्या रबरातून झिरपतं, त्याला फुगवतं, नंतर ते रबर कडक होऊन चिरतं, आणि वाफेच्या पाइपातही इथेनॉलची वाफ असतेच. शिवाय पेट्रोलमधे थोडं इथेनॉल मिसळलं की मिश्रणाची वाफ उलट जास्त होते. ५ ते १० टक्क्यांच्या आसपास सगळ्यात जास्त, २० ला त्याहून थोडी कमी. म्हणजे जुन्या डब्यावर लोड आधीपेक्षा जास्त आहे असंच धरून चाला.

पारदर्शक पाइप घेऊ नका, पेट्रोल दिसतंय म्हणून बरा वाटतो पण दोन उन्हाळ्यांत पिवळा पडून काडीसारखा मोडतो. पाइपावर छापलेलं वाचा. एसएई जे३० आर७ (हा इंधनाच्या पाइपांचा दर्जा) लिहिलेला लो प्रेशर आणि वाफेच्या लाइनला चालतो, पण इथेनॉलचा विचार करून मी आर९ च सांगीन, त्याच्या आतल्या थरात फ्लुओरो रबर असतं, महाग आहे पण परत परत घालावा लागत नाही. काहीच छापलेलं नसेल तर तो पाण्याचा पाइप समजा, दुकानदार काहीही म्हणो. माप आतल्या व्यासाचं घ्या, ढिला पाइप क्लिप आवळून घट्ट करू नका, दातवाली क्लिप मऊ रबर कापते. आणि वाफेच्या लाइनमधे कुठं खोलगट वाक पडू देऊ नका, तिथं पेट्रोल थंड होऊन साचतं आणि वाट अडवतं.

आमच्या बाबांची अँबॅसिडर अंगणात बरीच वर्षं उभी आहे. भाऊ म्हणतो बॅटरी लावून सेल्फ मारू, चालू होईल. टाकीला खाली गंजलेलं बारीक भोकही आहे, गल्लीतला वेल्डिंगवाला दहा मिनिटांत बुजवून देतो म्हणाला. काका, विचारून घ्यावं म्हटलं.
– एक वाचक, अंबाजोगाई, जि. बीड

ताई, विचारलंत ते फार बरं केलंत. वेल्डिंगवाल्याला टाकी देऊ नका. रिकामी टाकी भरलेल्यापेक्षा जास्त धोक्याची असते, कारण आत हवा आणि पेट्रोलची वाफ मिसळलेली असते आणि ठिणगी पडली की टाकीच फुटते. "मी पाणी भरून करतो", "सायलेन्सरचा धूर आत सोडून करतो" असं सांगणारे भेटतात, तरीही नको. टाकी काढून घ्या, आतून गरम पाण्यानं आणि वाफेनं धुऊन, सुकवून, टाक्यांचंच काम करणाऱ्या माणसाकडं द्या, आणि पत्रा जास्त खाल्ला असेल तर दुसरी टाकी बघा.

सेल्फही आत्ता नको. टाकीतलं जुनं पेट्रोल आता वॉर्निशसारखं चिकट झालं असेल, ते पंपातून कार्ब्युरेटरमधे नेऊ नका, आधी सगळं काढा. मग टाकीचा व्हेंट पाइप बघा, उभ्या गाडीत कुंभारीण माशी त्यात मातीचं घर करते आणि बाहेरून काही दिसत नाही, तार घालून साफ करा. लोखंडी पाइपातून हलकी हवा सोडून बघा गंज येतोय का. टाकी लावल्यावर लीक बघायला पंक्चरवाल्याचा कॉम्प्रेसर लावायचा नाही, टाकीला अर्धा पीएसआय म्हणजे खूप झालं, सायकलच्या पंपानं हळूच आणि जोडांवर साबणाचं पाणी, फुगे आले तिथं गळतंय. उदबत्तीचा धूर सोडून बघतात काही लोक, त्या माणसाला अंगणातून बाहेर काढा.

हे सगळं सकाळी थंडाव्यात, मोकळ्यावर, बॅटरीची निगेटिव्ह काढून. पेट्रोलची वाफ हवेपेक्षा जड असते, खाली साचते, त्यामुळं पत्र्याच्या बंद शेडमधे किंवा खड्ड्यात उतरून काम करायचं नाही आणि जवळपास चूल, बिडी काही नको. सगळे रबरी पाइप नवे घातल्यावर पहिल्यांदा चार-पाच लिटरच पेट्रोल टाका, तासभर खाली कोरडा पुठ्ठा अंथरून ठेवा, पुठ्ठा कोरडा राहिला तर मग भावाला म्हणा मार सेल्फ.